संपर्क तुटला, घड्याळ चालूच राहिले

३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या अंतिम लढतीत भारत आणि रशिया समोरासमोर आले. पहिल्या फेरीतील सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख आणि केरळचा १६ वर्षांचा निहाल सरीन यांचा संकेतस्थळाशी असलेला संपर्क खेळ रंगात आला असतानाच तुटला. पटावरील सोंगट्या होत्या तिथेच राहिल्या, घड्याळ मात्र थांबले नाही. वेळ संपताच दोघांनाही पराभूत ठरविण्यात आले आणि ती फेरी ४.५-१.५ अशी रशियाच्या नावावर लागली.

नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने या निकालाला आव्हान दिले. त्या दिवशी इंटरनेटमध्ये जगभर बिघाड झाला होता आणि त्याचा फटका भारतासह अनेक देशांना बसला होता. अपील समितीत एकमत होऊ शकले नाही. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजेच फिडेचे, अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय जाहीर केला.

भारतात या निर्णयाचे स्वागत झाले, हे स्वाभाविकच होते. पण त्याच स्पर्धेतील दोन दिवस आधीची घटना लक्षात घेतल्याशिवाय हे प्रकरण पुरते समजत नाही. २८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ आर्मेनियाशी पडली होती. त्या लढतीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा संपर्क तुटला आणि वेळ संपल्याने तो डाव गमावून बसला. त्याचा प्रतिस्पर्धी होता निहाल सरीन. दोष आपल्या खेळाडूच्या इंटरनेटचा नव्हता, असे आर्मेनियाचे म्हणणे होते. त्यांची तक्रार फेटाळण्यात आली. संतापलेला आर्मेनियाचा संघ दुसऱ्या फेरीसाठी उतरलाच नाही आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. ज्या नियमाने शुक्रवारी निहालला गुण मिळवून दिला, त्याच नियमाने रविवारी त्याचा गुण हिरावून घेतला.

या दोन निर्णयांत विसंगती आहे काय? जागतिक बिघाड सर्वांना दिसतो, त्याचे पुरावे गोळा करता येतात. एका खेळाडूच्या घरातील जोडणी तुटली तर खरे कारण शोधणे कठीण असते. शिवाय अशी प्रत्येक तक्रार मान्य केली, तर हरत आलेल्या डावात संपर्क तुटण्याचे प्रमाण वाढेल, ही भीतीही निराधार नाही. म्हणून आपल्या जोडणीची जबाबदारी खेळाडूवरच टाकली जाते. नियम म्हणून हे योग्यच आहे. मात्र पडद्यासमोर हतबल बसलेल्या खेळाडूच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग अगदी सारखेच असतात, आणि आर्मेनियाचा राग त्या अर्थाने समजण्यासारखा होता.

मुळात वेळ संपल्याने हरणे हा बुद्धिबळात अन्याय मानला जात नाही. दोघांना सारखाच वेळ मिळतो आणि तो कसा खर्च करायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. या ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येकाला १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ५ सेकंदांची भर मिळत होती. डाव ६० चालींचा झाला, तर खेळाडूच्या वाट्याला एकूण २० मिनिटे येतात. बॉबी फिशर यांच्या कल्पनेतून आलेल्या या वाढीव सेकंदांमुळे जिंकत आलेला डाव केवळ हात आखडल्याने हातचा जाण्याची शक्यता कमी होते.

संकेतस्थळांवर दररोज खेळल्या जाणाऱ्या तीन मिनिटांच्या डावांत पुष्कळदा ही सोय नसते. ६० चाली म्हणजे सरासरी तीन सेकंदांना एक चाल. येथे वजीर गमावलेला खेळाडूही डाव सोडत नाही. प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपल्याकडे आठ सेकंद जास्त आहेत, एवढ्या आधारावर तो राजा इकडून तिकडे फिरवत राहतो. प्रतिस्पर्ध्याची चाल होण्यापूर्वीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवण्याची सोयही आहे. तिच्यामुळे वेळ जवळजवळ खर्च होत नाही, पण समोरच्याने अनपेक्षित चाल केली तर आपलाच हत्ती आयता त्याच्या तोंडी जातो.

अशा खेळाला अनेक जण अखिलाडू म्हणतात. हा आक्षेप सरसकट पटणारा नाही, कारण तीन मिनिटांचा डाव स्वीकारणाऱ्याने घड्याळही स्वीकारलेले असते. तथापि समोरासमोरच्या संथ खेळात वाढीव सेकंद नसतील, तर अखेरच्या टप्प्यासाठी वेगळी तरतूद ठेवता येते. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू, प्रतिस्पर्धी जिंकण्याचा सरळ प्रयत्नच करीत नाही, असे सांगून पंचांकडे बरोबरी मागू शकतो. घरबसल्या खेळल्या जाणाऱ्या डावात पंचच नसतो. मारायला पुरेसे मोहरे प्रतिस्पर्ध्याकडे उरले नसतील, तर वेळ संपूनही बरोबरी मिळते, इतकेच संरक्षण तेथे आहे.

जेथे पंच नसतो किंवा नियम अपुरा पडतो, तेथे निर्णय खेळाडूवर येतो. जुलै २०२० मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटला आणि डाव मॅग्नस कार्लसनला मिळाला. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीच्या काही चालींतच आपला वजीर मुद्दाम देऊन टाकला आणि डाव सोडला. नियमाने त्याला तसे करण्यास कोणीही भाग पाडले नव्हते.

दिव्या देशमुखला घड्याळाची दुसरी बाजू २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे अनुभवता आली. महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होत्या, २०२० च्या त्याच सुवर्णविजेत्या संघातील सहकारी. दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटल्यावर निर्णय जलद डावांवर आला. दुसऱ्या जलद डावात वेळ कमी उरलेल्या हंपींच्या हातून चुका झाल्या आणि दिव्याने विजेतेपदासह ग्रँडमास्टर किताबही मिळविला. या वेळी घड्याळ दोघींच्या मध्ये, एकाच टेबलावर ठेवलेले होते.