धूळ नुसती झटकू नका, मोजायला लावा

गावाबाहेर नवा रस्ता किंवा नवी वसाहत होऊ लागली, की घराघरांत खोकला सुरू होतो. ‘हवा बदलली’ म्हणून आपण काढा घेतो. खरे तर वाढलेली असते ती हवेतली धूळ.

जाड धूळ बहुतेक नाकातच अडकते. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण श्वासनलिकांत शिरतात, तर अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसांत खोलवर पोचतात. दमेकरी, लहान मुले व वृद्धांना त्यांचा त्रास लवकर होतो. खडी फोडणाऱ्या मजुरांना दगडाच्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस होऊ शकतो. तो बरा होत नाही.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीत एक घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतचे कण १०० मायक्रोग्रॅम व अडीच मायक्रॉनपर्यंतचे ६० मायक्रोग्रॅम यांहून अधिक नसावेत. हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. वस्तीजवळ यंत्र ठेवूनच हवा मोजावी लागते.

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. हा अहवाल जाहीर दस्तऐवज आहे. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करून कोणीही त्याची प्रत मागू शकतो. आकडे वाढलेले दिसले, तर रस्त्यावर पाणी मारण्याचा व ट्रकवर ताडपत्री टाकण्याचा आग्रह धरा.

आणि हो, खोकला दोन आठवडे टिकला तर ‘धुळीचाच असेल’ म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या.