मिनिटामिनिटाने घडलेलं पोलाद

ठाणे पूर्वेच्या कोपरीतून खाडीपलीकडे पाहिलं की विटावा, कळवा, दिघा हा पट्टा लागतो. ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल इथूनच जाते आणि जानेवारी 2024 पासून दिघा गावालाही थांबते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या याच पट्ट्यात मुकंदचा पोलाद कारखाना उभा राहिला. 1937 साली स्थापन झालेली ही कंपनी बजाज आणि शहा या दोन घराण्यांनी वाढवली. पुढे पश्चिम बंगालचे राज्यपाल झालेले वीरेन शहा हे तिचे दीर्घकाळचे सूत्रधार. इथे जवळपास ना लोहखनिजाची खाण होती, ना कोळशाची. मुंबईचं भंगार होतं, वीज होती आणि दारातच गिऱ्हाईक होतं. एवढ्या भांडवलावर पोलाद करायला एक यंत्र विशेष उपयोगाचं होतं: विद्युत प्रज्योत भट्टी, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत आर्क फर्नेस.

या भट्टीची कल्पना साधी आहे. आतून अग्निरोधक विटा लावलेल्या गोल टाकीत बकेटनं भंगार ओतायचं, झाकण सरकवायचं आणि झाकणातल्या भोकांतून ग्रॅफाइटचे तीन जाड इलेक्ट्रोड खाली सोडायचे. इलेक्ट्रोडचं टोक आणि भंगार यांच्यामधल्या फटीत विजेची प्रज्योत पेटते. तिचं तापमान हजारो अंशांवर असतं आणि त्या धगीनं लोखंड वितळून सुमारे 1600 अंशांपर्यंत तापतं. फ्रान्सच्या पॉल हेरू यांनी 1900 च्या सुमारास ला प्राझ इथे ही भट्टी व्यवहारात आणली. आज खोपोलीत किंवा टेक्सासमध्ये जी भट्टी दिसते, तिची ठेवण मुळात तीच आहे.

ठेवण तीच राहिली, तरी कामगिरी ओळखू येणार नाही इतकी बदलली. 1965 च्या आसपास जगातल्या चांगल्या भट्ट्यांना एक हीट, म्हणजे भंगार भरण्यापासून पोलाद ओतेपर्यंतचा एक फेरा, काढायला तीन तास लागत, टनामागे सुमारे 630 युनिट वीज जाई आणि साडेसहा किलो इलेक्ट्रोड झिजे. 2010 पर्यंत उत्तम भट्ट्यांची हीट 40 मिनिटांवर आली, वीज 350 युनिटांच्या आत गेली आणि इलेक्ट्रोडची झीज किलोभरावर उतरली. हा बदल एका मोठ्या शोधानं झाला नाही. एका हीटमध्ये कुठली मिनिटं वाया जातात आणि त्या मिनिटांत उष्णता कुठून निसटते, याचा हिशेब संशोधकांनी आणि भट्टीवरच्या माणसांनी पन्नास वर्षं मांडला. त्या हिशेबाचं हे फळ आहे.

पहिलं पाऊल अमेरिकेत 1960 च्या दशकात पडलं. विल्यम श्वाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरची क्षमता धाडसानं वाढवली. शक्ती वाढली तसा भिंतींचा प्रश्न आला. भंगार उभं असेपर्यंत ते प्रज्योतीला झाकून घेतं, पण ते वितळून सपाट झालं की उघडी प्रज्योत थेट विटांवर आग ओकते. त्यावर भिंतींत पाणी फिरवणारी पॅनेलं आली. विटा वाचल्या, पण उष्णता पाण्याबरोबर निघून जाऊ लागली.

खरं उत्तर मळीत सापडलं. वितळलेल्या पोलादावर चुना आणि डोलोमाइटपासून बनलेल्या मळीचा थर तरंगतो. त्या मळीत कोळशाची भुकटी आणि पोलादात ऑक्सिजन सोडला की लोहाच्या ऑक्साइडमधून कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो आणि मळी उतू जाणाऱ्या दुधासारखी फुगून वर येते. प्रज्योत त्या फेसात बुडते. मग लांब प्रज्योत चालवता येते, उष्णता भिंतीकडे न जाता पोलादात उतरते आणि भट्टीचा आवाजही बदलतो. कच्च्या भंगारात इलेक्ट्रोड घुसताना होणारा कडकडाट मंदावतो आणि खाली दबलेली घरघर उरते. जुना मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारा, याच आवाजावरून कोळसा कमी-जास्त करायचा. आता ध्वनी आणि विद्युतप्रवाह मोजून फेस किती चढला हे यंत्रही सांगतं. त्या यंत्राला दिशा मेल्टरच्या कानानंच दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

स्टेनलेस पोलादाच्या बाबतीत मात्र हा फेस सहज हाती लागत नाही, आणि मुकंद तर स्टेनलेससाठीही ओळखली जाते. या मळीत लोहाचं ऑक्साइड कमी असतं आणि क्रोमियमचं ऑक्साइड मळी घट्ट करतं. शिवाय कार्बन जाळायला गेलं की महागडं क्रोमियमही जळतं. म्हणून आर्क फर्नेसमध्ये फक्त वितळवून घ्यायचं आणि पुढचं शुद्धीकरण आर्गन-ऑक्सिजन कन्व्हर्टरमध्ये करायचं, ही वाट निघाली. आर्गनमुळे कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब उतरतो, कार्बन आधी जातो आणि क्रोमियम पोलादातच राहतं. भट्टीकडून सगळी कामं करून घेण्याचा आग्रह सोडल्यावरच तिची मिनिटं वाचली.

भारतात या संशोधनाला आणखी एक वळण आहे. दारूखान्यात फोडलेलं जहाज असो की कुर्ल्याच्या बाजारातली मोडकी गाडी, भंगारासोबत तांबं येतंच. वितळलेल्या पोलादातून तांबं काढण्याची व्यवहार्य रीत नाही आणि ते जास्त झालं की गरम लाटताना पोलादाला चिरा पडतात. म्हणून स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता काढलेलं लोखंड, मिसळून ते विरळ करतात. स्पंज आयर्न बनवण्यात भारत जगात आघाडीवर आहे. पण स्पंजमध्ये खनिजाची माती उरलेली असते. ती मळी वाढवते, मळीबरोबर चुना वाढतो आणि चुन्याबरोबर वीज. पेण तालुक्यातल्या डोलवीला तर भट्टीच वेगळी बसवली गेली. तिथे जोडटाकीची व्यवस्था आहे, एकीत प्रज्योत चालते तेव्हा दुसरीत ऑक्सिजन फुंकला जातो आणि झोतभट्टीचा वितळलेला रसही वापरता येतो. युरोपात स्वच्छ भंगारावर बसवलेली गणितं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. ती आपल्यालाच पुन्हा मांडावी लागतात.

भट्टीचा एक शेजारीही या हिशेबात धरायला हवा, तो म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं. भंगार कोसळलं की क्षणात शॉर्ट होतो, पुढच्या क्षणी प्रज्योत तुटते, आणि त्या हेलकाव्यांनी आसपासचे दिवे लुकलुकतात. माणसाच्या डोळ्याला सेकंदाला आठ-नऊ वेळा होणारी लुकलुक सर्वांत जास्त जाणवते आणि भट्टी नेमकी त्या टप्प्यातही धुमसते. म्हणून भट्टीजवळ व्होल्टेज सावरणारी यंत्रणा बसवावी लागते. राज्याच्या विजेचा भार सांभाळणारं केंद्रही याच कळवा-ऐरोली पट्ट्यात आहे. यापुढे सौर वीज दुपारी मुबलक असेल आणि संध्याकाळी टंचाई असेल. अशा वेळी भट्टीच्या हीट विजेच्या वेळापत्रकाशी कशा जुळवायच्या, हा संशोधनाचा अगदी जवळचा विषय आहे.

झोतभट्टीच्या वाटेनं केलेल्या टनभर पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार आणि स्वच्छ वीज असेल तर आर्क फर्नेसमध्ये तो त्याच्या एका लहान हिश्शावर येतो. केंद्र सरकारनं 2019 मध्ये भंगार पुनर्वापराचं धोरण आणलं ते याच दिशेनं. पण धोरणानं भंगारातलं तांबं वेगळं होत नाही. ते वेगळं होतं मोटारीची वायरिंग आधी सोडवणाऱ्या हातांनी, आणि त्या हातांना कामाचं शिक्षण आणि योग्य मोल मिळालं तरच.

खाडीच्या एका बाजूला मेल्ट शॉपचं पिढ्यांचं ज्ञान आहे, तर पवईच्या आयआयटीत पोलाद तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. नाशिकच्या सातपूरला ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. इतकं सगळं एका दिवसाच्या प्रवासात असताना प्रत्येक भट्टीची हीटबुकं कपाटात पडून राहणं हे नुकसान आहे. कुठल्या भंगारानं किती युनिट खाल्ली, फेस कधी बसला, टॅपिंगला, म्हणजे पोलाद ओतायला, उशीर का झाला, हे सगळं त्या वह्यांत आहे. आपल्या भंगाराचं, आपल्या स्पंजचं आणि आपल्या विजेचं संशोधन तिथूनच सुरू होऊ शकतं. विद्यार्थ्यांनी त्या वह्या घेऊन मेल्टरच्या शेजारी पाळी काढावी आणि कारखान्यांनी त्यांना दार उघडावं. गेल्या पन्नास वर्षांत जगानं जी मिनिटं वाचवली ती अशाच शेजारानं वाचवली, आणि पुढची मिनिटं आपण इथे वाचवू शकतो.