डिस्चार्ज कार्डावरचा छोटा कोड

आमचे घर देहूत आहे आणि घरातले दोघे चाकणच्या कारखान्यांत कामाला जातात. गेल्या वर्षी रमजान संपता संपता अम्मींचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली. साधी कावीळ समजून झाडपाल्याच्या औषधात आम्ही चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, उजव्या बरगडीखाली दुखू लागले. तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

पित्ताशयातला खडा सरकून पित्तनलिकेत अडकला होता. यकृतात तयार होणारे पित्त याच नळीने आतड्यात उतरते. नळी तुंबली की पित्त रक्तात मिसळते आणि कावीळ होते. साचलेल्या पित्तात जंतू वाढले तर ताप येतो. उशीर झाल्यास जिवावर बेतते. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, खडा काढला. अल्लाहच्या कृपेने अम्मी सावरल्या.

पुढे कारखान्याच्या मेडिक्लेमचा दावा अडला. डिस्चार्ज कार्डावर निदानापुढे ‘के 80.2’ असे होते. विमावाल्यांनी विचारले, आजार पित्ताशयाचा, मग उपचार नळीवर कसा?

हे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या रोगवर्गीकरणातले. ‘के 80’ म्हणजे पित्तखडे. त्यात 80.2 म्हणजे पित्ताशयात खडा, पण सूज नाही. 80.5 म्हणजे नळीत खडा. सोबत नळीला जंतुसंसर्ग असेल तर 80.3. खड्याशिवाय दुसऱ्या कारणाने नळी बंद झाली तर ‘के 83.1’. यकृताबाहेरच्या पित्तनलिकेच्या कर्करोगाला ‘सी 24.0’. कारण न कळलेल्या काविळीला नुसते ‘आर 17’. म्हणजे अम्मींसाठी 80.3 हवे होते.

सोनोग्राफी आणि ईआरसीपीचे रिपोर्ट जोडून आम्ही डॉक्टरांना लेखी अर्ज दिला. त्यांनी कागद तपासून दुरुस्त कार्ड सहीशिक्क्यानिशी दिले आणि दावा मंजूर झाला. पण प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. उद्या अम्मींना पुन्हा ताप-कावीळ झाली, तर नवा डॉक्टर हेच कार्ड पाहणार. नळीचा आजार त्यावर नसेल, तर त्याला पहिल्यापासून शोध घ्यावा लागेल.

म्हणून आमच्या बहिणींना आणि भावांना एवढेच सांगणे: घरी निघण्यापूर्वी कार्डावरचे निदान वाचा. उपचार ज्या अवयवावर झाला, त्याचेच नाव तिथे आहे का, हे विचारा. कोड कळत नसेल तर त्याचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्या. सगळे रिपोर्ट एका फाइलीत ठेवा. आणि काविळीसोबत थंडीताप व पोटदुखी असेल तर एक दिवसही थांबू नका.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे अशी ताकीद तिच्यात आहे. पैशांच्या कागदाची एवढी काळजी घ्यायची, तर आईच्या आजाराच्या कागदाची का घेऊ नये?