बिलं पाठवली ५०, पोचली ४८? पर्ल सॉकेटमध्ये डेटा कुठे ‘हरवतो’



काउंटरवर बिल बनतं, एक छोटा पर्ल प्रोग्रॅम ते सॉकेटवरून आतल्या कॉम्प्युटरला पाठवतो आणि स्टॉक कमी होतो. समजा, रात्री हिशोबात दोन बिलं कमी भरली. कॉम्प्युटर म्हणतो माल आहे, रॅकवर मात्र नाही. पहिला संशय येतो काउंटरवरच्या पोरावर. थांबा! आधी प्रोग्रॅम तपासा.

मूळ गोष्ट समजून घ्या. वाटेत हरवलेलं पॅकेट टीसीपी स्वतःच पुन्हा पाठवतं. पण एक बिल कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्याला कळत नाही. त्याच्यासाठी ती नळाची धार आहे. इकडून दोन बादल्या ओतल्या म्हणून तिकडे दोन बादल्या वेगवेगळ्या निघत नाहीत.

आता क्रमाने तपासा:

१. एक वाचन म्हणजे एक बिल नव्हे. ‘सिसरीड’ला १०२४ बाइट मागितले तरी कधी अर्धं बिल मिळतं, कधी दीड. आलेलं जमवत जा, पूर्ण बिल वेगळं काढा, उरलेलं पुढच्यासाठी ठेवा. उरलेलं फेकलं की बिल गेलंच.

२. बिलाची हद्द ठरवा. शेवटी न्यूलाइन टाका किंवा आधी लांबी पाठवा. लांबी बाइटमध्येच मोजा. यूटीएफ-८ मध्ये ‘साखर’ची चार चिन्हं म्हणजे १२ बाइट!

३. ‘सिसराइट’चं उत्तर बघा. किती बाइट गेले ते तो सांगतो. कमी गेले असतील तर उरलेले पुन्हा पाठवा.

४. ‘सिलेक्ट’ वापरताय? मग ‘सिसरीड’नेच वाचा. ओळीओळीने वाचलं तर पुढचं बिल पर्लच्या बफरमध्ये आधीच येऊन बसतं आणि सिलेक्ट म्हणतो, ‘काही आलं नाही.’

५. पोच घ्या. माल उतरवल्यावर चलनावर सही घेतो ना, तसंच. आतल्या कॉम्प्युटरने बिल सेव्ह केल्यावरच त्याचा नंबर परत पाठवायचा. नंबर आला नाही तर बिल पुन्हा पाठवा. तोच नंबर दोनदा आला तर दुसरा सोडून द्या, नाहीतर स्टॉक दोनदा कमी होईल.

शेवटी टेस्ट. १०० बिलं एकापाठोपाठ पाठवा, मधेच केबल काढा, परत लावा. तुटलेली लाइन प्रोग्रॅमने पुन्हा जोडून दोन्हीकडे १०० जुळली पाहिजेत. तोपर्यंत माणसावर बोट दाखवू नका. डेटा परत मिळवता येतो, पण गेलेला विश्वास नाही.