अंगठा उठवणारी आई काय शिकवणार?

नंदुरबार जिल्ह्यात शाळा बंद राहण्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आई-बापच अडाणी, घरी शिकवणार कोण?’ शिक्षक म्हणतात, अधिकारी म्हणतात, शहरातून पाहणीला आलेले पाहुणे म्हणतात. सगळ्यात वाईट म्हणजे पालकही तेच म्हणतात. अक्कलकुवा किंवा धडगावकडच्या पाड्यावरची आई पोराच्या पुस्तकाला हात लावायला कचरते, कारण ते आपलं काम नाही हे तिला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं आहे.

या समजुतीला आकड्याचा आधार असल्यासारखं वाटतं. 2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता 64.4 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. पण हा आकडा कोणाला वाचता येतं एवढंच सांगतो. मुलाशी बोलणं, त्याच्याकडून मोजून घेणं, गोष्ट सांगून ‘पुढे काय झालं?’ असं विचारणं कोणाला जमतं, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही. तरीही लोक एका आकड्यावरून दुसरा निष्कर्ष काढतात आणि मोकळे होतात.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते 1 डिसेंबर 2021 रोजी. आश्रमशाळांची मुलं वसतिगृहातून थेट पाड्यावर परतली होती. त्या काळात, सप्टेंबर 2020 मध्ये, ‘असर’ ही शैक्षणिक पाहणी करणाऱ्यांनी देशभरातल्या ग्रामीण कुटुंबांना फोन करून घरी अभ्यासात कोण मदत करतं ते विचारलं. ज्या घरांत आई आणि वडील दोघंही पाचवीपेक्षा जास्त शिकलेले नव्हते, तिथेही 54.8 टक्के मुलांना घरातून मदत मिळत होती. थोरली भावंडं यात मोठा वाटा उचलत होती. शिकलेल्या घरांत हे प्रमाण 89.4 टक्के होतं, म्हणजे फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण ‘घरी कोणीच नाही’ हे म्हणणं निम्म्याहून जास्त घरांबाबत सरळ खोटं ठरतं.

कोणी म्हणेल, मदत केली म्हणजे मूल शिकलं असं थोडंच आहे? प्रश्न रास्त आहे. बिहार आणि राजस्थानातल्या 480 गावांत रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी याचीच परीक्षा घेतली. काही गावांत आयांना साक्षरतेचे वर्ग दिले. काही गावांत दर आठवड्याला कोणीतरी घरी जाऊन मुलासोबत काय करायचं ते आईला दाखवून येई. काही गावांत दोन्ही केलं. 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मुलांच्या गणितात वाढ छोटी होती, पण होती. आईला आधी साक्षर करा आणि मग मुलाचं बघू, अशी वाट पाहायची गरज नव्हती. नुसतं काय करायचं ते दाखवलं तिथेही फरक पडला.

आणि करण्यासारखं काय आहे? नंदुरबारमध्ये तर भरपूर. उन्हाळ्यात सातपुड्यात घरोघरी अमचूर सुकत असतं. कैरीच्या फोडींचे दहा-दहाचे वाटे लावले की दशक-एकक तिथेच समोर येतं. मोहफुलं वेचून आणल्यावर कोणाची टोपली जड, हा अंदाज आधी करायचा आणि मग वजन करून पाहायचं. आठवडे बाजारात शंभराची नोट दिल्यावर परत किती आले ते पोराने सांगायचं. रात्री आजीने गोष्ट सांगायची, दुसऱ्या दिवशी नातवाने तीच स्वतःच्या शब्दांत सांगायची आणि त्यातला एक प्रसंग जमिनीवर कोळशाने काढायचा. पुस्तकातलं चित्र दाखवून ‘यात काय चाललंय?’ एवढं विचारायलाही अक्षरओळख लागत नाही.

इथे उलट बाजूचा गैरसमजही खोडायला हवा. ‘रानात आणि बाजारात मुलं आपोआप शिकतात’ असं म्हणणारे भाबडे लोक काही कमी नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं तपासली होती. अवघड हिशोब ती तोंडी चटकन करत, पण तशीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडत. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांची गत बरोबर उलटी होती. म्हणून फोडींचे वाटे लावून झाल्यावर शेवटची पायरी सोडायची नाही: चार वाटे आणि वर तीन फोडी म्हणजे 43, हे खडूने लिहायचं. आईला लिहिता येत नसेल तर थोरली बहीण लिहील, तीही नसेल तर गुरुजी पुढच्या भेटीत लिहून घेतील. हा सांधा जोडणं हेच शाळेचं काम आहे, आणि शाळा बंद असली तरी ते शिक्षकाच्या अंगावरून उतरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘स्मार्टफोन नाही म्हणून शिक्षण नाही.’ त्याच ‘असर’ पाहणीत शाळेत नाव असलेल्या 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण पाहणीआधीच्या आठवड्यात शाळेकडून काही साहित्य मिळालेली मुलं 35.6 टक्केच निघाली. अडचण फक्त फोनची नव्हती. बोत्स्वानात 2020 मध्ये साध्या फोनवर दर आठवड्याला शिक्षकाशी बोलून गणितं सोडवलेली मुलं पुढे गेली. नुसत्या संदेशांचा तेवढा उपयोग झाला नाही. पालघरच्या जव्हार-मोखाड्यात तर लाउडस्पीकरवर ‘बोलकी शाळा’ भरली.

‘घरी पावरी किंवा भिली बोलल्याने मराठी बिघडते.’ बिघडत नाही. ज्या भाषेत मूल विचार करतं तिच्यात गोष्ट पक्की झाली, तर मराठीत फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. नर्मदाकाठच्या जीवनशाळा 1990च्या दशकापासून मुलांच्या बोलीचा हात धरून शिकवत आल्या आहेत.

‘घरी बसवून पाढे आणि शुद्धलेखन करून घेतलं की पुरे.’ समजून न घेता उतरवलेलं पान मुलाला वाचता येतं का, एवढं एकदा तपासावं. सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 मध्ये सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका घरातल्या वस्तूंवर आणि कृतींवर उभी होती, ती याच कारणाने.

‘सुट्टीत मागे पडलेलं मूल नंतर आपोआप भरून काढतं.’ ‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये 27.3 टक्के होती. 2022 मध्ये 20.5 टक्के.

करोना संपला म्हणून हा प्रश्न संपला, असंही नाही. दिवाळीनंतर जिल्ह्यातली कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. जी मुलं सोबत जातात त्यांची शाळा तेव्हा बंद होते, जी मागे राहतात ती बरेचदा आजी-आजोबांकडे असतात. 2022 पासून राज्याच्या ‘पहिले पाऊल’ अभियानात आयांचे गट करून त्यांना कृतींची कार्डं देण्याची पद्धत रुजू लागली आहे. तशीच चित्रांची कार्डं, वाचता न येणाऱ्या माणसाला कळतील अशी, गाडी निघण्याआधी या कुटुंबांच्या हातात पडायला हवीत आणि एक संच आजीकडे राहायला हवा. कार्ड कसं वापरायचं ते शिक्षकाने एकदा तिच्यासमोर बसून करून दाखवावं, आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ते विचारायला पुन्हा जावं.