द्वेषाच्या मोर्चाला हशाचे उत्तर

द्वेष पसरवणाऱ्या टोळीला समोरून दोनच गोष्टी हव्या असतात, भीती किंवा राग. आपण घाबरलो तर तिचा दरारा वाढतो. चिडून दगड उचलला तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आपणच आरोपी ठरतो. या कोंडीतून बाहेर पडण्याची एक तिसरी वाट जगात अनेकांनी चोखाळली आहे. ती वाट विनोदाची आहे. पण हा टिंगलटवाळीचा खेळ नाही, विचारपूर्वक आखलेला अहिंसक प्रतिकार आहे.

वुन्सिडेलचे उदाहरण

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात वुन्सिडेल नावाचे छोटे गाव आहे. हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस याला 1987 साली झालेल्या मृत्यूनंतर पुढे तिथे पुरण्यात आले आणि नवनाझींसाठी ते गाव जणू तीर्थक्षेत्र झाले. ते तिथे मोर्चे काढू लागले. गावकऱ्यांनी निषेध केला, विरोधी मोर्चे काढले. 2011 साली ती कबरही हटवण्यात आली. तरी मोर्चे थांबले नाहीत.

नोव्हेंबर 2014 मध्ये गावाने वेगळी युक्ती केली. नवनाझी जेवढे मीटर चालतील, त्या प्रत्येक मीटरमागे 10 युरो देणगी द्यायची असे ठरले. देणगी कोणाला? ‘एक्झिट-डॉइचलँड’ला, म्हणजे नाझी टोळ्यांतून बाहेर पडू इच्छिणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला. रस्त्यावर शर्यतीसारख्या खुणा रंगवल्या, वाटेत केळी ठेवली, प्रोत्साहनाचे फलक लावले. शेवटच्या टप्प्यावर देणगीबद्दल मोर्चेकऱ्यांचे जाहीर आभार मानले. 10,000 युरो जमले.

आता मोर्चेकऱ्यांची अवस्था पाहा. चालावे तर आपल्याच विरोधकांच्या झोळीत पैसे पडतात. थांबावे तर मोर्चा फसतो. अशा कृतीला अहिंसक चळवळीचे अभ्यासक ‘पेच टाकणारी कृती’ म्हणतात. समोरच्याने काहीही केले तरी तोटा त्याचाच होतो.

धुतल्यावर उमटलेला मजकूर

याच संस्थेने 2011 साली गेरा शहरातील उजव्या अतिरेक्यांच्या संगीत महोत्सवात 250 टी-शर्ट फुकट वाटले. त्यांवर त्यांनाच आवडेल असे चित्र होते. घरी जाऊन धुतल्यावर ते चित्र निघून गेले आणि खालचा मजकूर दिसला. त्याचा आशय असा की, या टी-शर्टला जे जमले ते तुलाही जमेल, बाहेर पड, आम्ही मदत करू. इथे विनोदाने माणसाला चिरडले नाही, त्याच्यासाठी दार उघडे ठेवले. आपण लक्षात ठेवावे ते हेच.

अमेरिकेत नॉक्सव्हिल शहरात 2007 साली गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या सभेसमोर कार्यकर्ते विदूषक बनून उभे राहिले. ‘व्हाइट पॉवर’ ही घोषणा मुद्दाम चुकीची ऐकून त्यांनी आधी पांढरे पीठ उधळले, मग पांढरी फुले. ज्या घोषणेने धडकी भरायला हवी होती, तिच्यावर लोक हसू लागले.

ही आपलीही परंपरा आहे

हे आपल्याला परके नाही. महात्मा फुल्यांनी 1855 साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशीबुवा गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक त्याचे ढोंग प्रेक्षकांसमोर उघडे पाडत जातो. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हेच हत्यार गावोगावी नेले. लोक हसता हसता विचार करू लागले.

संयुत्तनिकायात अक्कोसक भारद्वाज भगवान बुद्धांना शिव्या देतो. बुद्ध विचारतात, पाहुण्याने वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे? यजमानाचेच. तशाच या शिव्याही मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या. वुन्सिडेलच्या गावकऱ्यांनीही द्वेष स्वीकारला नाही, तो परत केला.

वापरताना काय पाळावे

पहिले, नेम विचारावर धरा. कोणाचे शरीर, जात, धर्म किंवा घरातल्या स्त्रिया यांवर विनोद केला, तर आपण त्यांच्याच रांगेत जाऊन बसतो. सम्यक वाचा इथेही लागू आहे.

दुसरे, हशातून काहीतरी उभे राहू द्या. समाजमाध्यमावर द्वेषाची मोहीम सुरू झाली, तर प्रत्येक शिवीमागे 10 रुपये वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी काढू असे मित्रमंडळाने जाहीर करावे. हिशेब उघड ठेवावा. शिवीगाळ करणारा आपोआप देणगीचे निमित्त होतो.

तिसरे, त्यांची घोषणा किंवा चित्र जसेच्या तसे पुढे पाठवू नका. विनोदाच्या नावाखाली आपणच त्यांचा प्रचार करून बसतो.

चौथे, शिस्त ठेवा. रस्त्यावर उतरायचे तर परवानगी घ्या, भूमिका वाटून घ्या, चित्रीकरण करा आणि कोणी डिवचले तरी हात उचलायचा नाही हे आधीच ठरवा.

पाचवे, जिथे रक्त सांडले आहे तिथे विनोद नको. अत्याचार झाला असेल तर गुन्हा नोंदवणे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, वकील आणि पीडित कुटुंबाची सोबत हाच मार्ग आहे. त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय त्यांच्या दुःखावर कोणतेही नाट्य उभे करू नये.

विनोदाने द्वेष संपतो असा दावा कोणी करू नये. वुन्सिडेलमध्ये नवनाझी 2014 नंतरही आलेच. पण त्यांचा दरारा ओसरला आणि तीन बाजूंना फरक पडतो हे दिसले. आपल्या लोकांची भीती कमी होते, कुंपणावर बसलेल्यांना बाजू निवडणे सोपे जाते आणि त्या टोळीतल्या एखाद्या तरुणाला बाहेरची वाट दिसते. संघटन, शिक्षण आणि कायद्याची लढाई आपल्याला चालू ठेवायचीच आहे. त्या लढाईत थकलेल्या कार्यकर्त्याला हसता आले, तर तो उद्याही उभा राहील.