चौघांचं वादन, पण कंडक्टर नाही!

दोस्तांनो, धान कापून घरात आलं की झाडीपट्टीत कशाची चाहूल लागते? चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना हे विचारायलाच नको. मंडई आणि नाटकं!

इतर जिल्ह्यांतल्या मित्रांसाठी थोडं सांगते. झाडी म्हणजे जंगल. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जंगलाच्या मुलखाला म्हणतात झाडीपट्टी. दिवाळीनंतर इथं गावोगावी मंडप पडतात आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत रंगतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. याच रंगभूमीवर आयुष्यभर काम करणाऱ्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

पण आज मला नटांबद्दल सांगायचं नाही. पुढच्या वेळी नाटकाला गेलात, की दोन मिनिटं नटावरची नजर काढा आणि वाजवणाऱ्यांकडे बघा. पेटी किंवा ऑर्गन, तबला, ढोलक, अलीकडे कीबोर्ड नि ऑक्टोपॅडही. मोजून चार-पाच माणसं! गाणाऱ्यानं सूर लांबवला, तर तबलजी हात राखतो. प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला, तर सगळे एका दमात पुन्हा त्याच ओळीवर येतात. त्यांना हे कोण सांगतं? समोर काठी हलवणारा कुणी आहे का? नाही. ते एकमेकांकडे बघतात आणि एकमेकांचं ऐकतात. बस्स!

खोलीतलं संगीत

अशा मोजक्या वादकांच्या संगीताला युरोपात ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. चेंबर म्हणजे दालन, खोली. मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर घरातल्या दालनात चार मित्रांनी बसून वाजवावं, असं हे संगीत. ऑर्केस्ट्रात साठ-सत्तर, कधी शंभरही वादक असतात आणि त्यांच्यापुढे कंडक्टर उभा राहतो. (एसटीतला नव्हे हं!) चेंबर म्युझिकमध्ये मात्र कंडक्टर नसतो. आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येकाची ओळ वेगळी असते. तुमची ओळ वाजवणारं दुसरं कुणीच नाही. तुम्ही चुकलात, तर लपायला जागा नाही आणि तुम्ही गप्प बसलात, तर गाण्यालाच भोक पडतं!

यातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. दोन व्हायोलिन, व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा नि खालच्या सुराचा व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. 1732 साली जन्मलेल्या हायडन या संगीतकारानं या प्रकाराला असं काही रूप दिलं, की त्याला क्वार्टेटचा पिताच म्हणतात. मोत्सार्टनं आपली सहा क्वार्टेट्स 1785 साली या हायडनलाच अर्पण केली होती.

मुंबईतलं एक घर

आता आपण मुंबईला जाऊ. तिथं मेहली मेहता नावाचे व्हायोलिनवादक राहत होते. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि 1940 साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. तालमी घरीच व्हायच्या. त्या घरात एक लहान मुलगा होता, त्याचं नाव झुबिन. जन्म 1936 चा. म्हणजे इतर मुलं बडबडगीतं ऐकतात, त्या वयात याच्या कानांवर हायडन नि बीथोवन!

तुम्ही म्हणाल, मग काय, झाला की तो संगीतकार! तितकं सोपं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं, मुलानं डॉक्टर व्हावं. झुबिननं मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजात त्या दिशेनं अभ्यास सुरूही केला. पण मन लागेना. शेवटी 1954 साली, अठराव्या वर्षी, तो ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरी संगीत शिकायला गेला. तिथं तो कंडक्टरचं काम शिकला आणि सोबत डबल बासही. डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच असं तंतुवाद्य, सगळ्यांत खालच्या सुराचं.

पुढे झुबिन मेहता लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या नामांकित ऑर्केस्ट्रांचे प्रमुख झाले, हे तुम्ही कुठं तरी वाचलं असेल. पण मला त्यांची आवडते ती 1969 सालची गोष्ट. त्या वर्षी लंडनमध्ये पाच मित्र एकत्र आले. शूबर्टनं 1819 साली लिहिलेलं ‘ट्राउट’ हे पाच वाद्यांचं चेंबर म्युझिक त्यांना वाजवायचं होतं. पियानोवर डॅनिएल बारेनबॉइम, चेलोवर जॅकलिन दु प्रे, व्हायोलिनवर इत्झाक पर्लमन. पिंकस झुकरमन खरे व्हायोलिनवादक, पण त्यांनी त्या दिवशी व्हायोला घेतला. आणि शंभर जणांच्या ऑर्केस्ट्राला हातांच्या इशाऱ्यावर चालवणारे झुबिन मेहता? ते मागे उभे राहून डबल बास वाजवत होते! तिथं साहेब कुणीच नव्हतं. त्या तालमींची आणि मैफलीची फिल्मही निघाली.

शिकवतात तरी कसं?

परदेशातल्या विद्यापीठांच्या संगीतशाळांत चेंबर म्युझिक हा अभ्यासाचाच भाग असतो. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट करतात आणि एक रचना नेमून देतात. शिक्षक मधूनमधून ऐकतात, बाकीची तालीम मुलांनी आपली आपण करायची. सत्र संपताना लोकांसमोर वाजवायचं.

आणि मग होतात भांडणं! एक म्हणतो इथं लय वाढव, दुसरी म्हणते मुळीच नाही. अशा वेळी चांगले गट वाद घालत बसत नाहीत. आधी एकाच्या पद्धतीनं वाजवून बघतात, मग दुसरीच्या. कान सांगेल ते खरं. आपला सूर कधी पुढे आणायचा आणि दुसऱ्याला वाट कधी द्यायची, ही तिथली खरी परीक्षा.

आपल्याकडेही वाटा आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षा शाळा सांभाळून देता येतात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग 1969 पासून आहे, तर पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र 1987 पासून. गोव्याच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात. मुंबईत 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला.

पण पहिली शाळा गावातच असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेतली आणि विदर्भातल्या गावागावांत भजनी मंडळं उभी राहिली. 1942 साली चिमूर पेटून उठलं, त्यामागे त्यांच्या भजनांचीही प्रेरणा होती. खंजिरी, टाळ, पेटी आणि चार गळे! कंडक्टर तिथंही नव्हता.

करून बघा

चार मित्र अर्धगोलात बसा. शाळेची प्रार्थना म्हणायची, पण ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं नाही. एकानं फक्त डोकं किंचित उचलून श्वास घ्यायचा, बाकीच्यांनी तो बघून सुरुवात करायची. पहिल्यांदा हसू येईल, फजिती होईल. पाचव्या-सहाव्या वेळी मात्र चौघं एकदम सुरू व्हाल! मग पाठीला पाठ लावून बसा आणि नुसत्या श्वासाच्या आवाजावर सुरुवात करा. क्वार्टेटमधले वादक असाच श्वासाचा इशारा देतात.

आणि आई-बाबांनो, मुलगी पेटी शिकायची म्हणाली किंवा मुलगा भजनात ढोलक धरून बसला, तर ‘यानं पोट भरणार का?’ हा प्रश्न थोडा उशिरा विचारा. सगळेच झुबिन मेहता होणार नाहीत. पण दुसऱ्याचं ऐकून आपलं बोलायला शिकलेलं मूल डॉक्टर झालं, तर रोग्याचं नीट ऐकेल आणि सरपंच झालं, तर गावाचं!

तेव्हा दोस्तांनो, यंदाच्या मंडईत नाटकाला जाल ना? मग त्या कोपऱ्यातल्या तबलजीसाठीही एक टाळी राखून ठेवा.